मनोऱ्यात नव्याने रुजू होणाऱ्या नियंत्रकांचे स्वागत कसे करावे?

उत्तरवारा

नमस्कार. मुंबई विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रणाचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींकडे लवकरच ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची नवी तुकडी येणार आहे. कुणी प्रयागराजच्या महाविद्यालयातून शिकून येईल, कुणी हैदराबादहून, तर कुणी आपल्या गोंदियाच्या संस्थेतून. त्यांच्या पहिल्या आठवड्याची आखणी माझ्याकडे आली आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

आजवरची पद्धत साधारण अशी आहे: पुष्पगुच्छ, चहा-सामोसे, वरिष्ठांची भाषणे, प्रवेशपत्राचे अर्ज, आणि त्यानंतर कार्यपद्धतीच्या जाडजूड फायली हातात देऊन एका खोलीत बसवणे. यात वाईट काहीच नाही. पण ज्या माणसाला उद्या विमानांमधले अंतर राखायचे आहे, त्याच्या मनात पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट रुजली पाहिजे असे मला वाटते. समजले नाही तर विचारायची त्याला पूर्ण मुभा आहे, आणि वरिष्ठाच्या नजरेतून काही सुटताना दिसले तर बोलणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. हे भाषणात सांगून पटत नाही, असा माझा अनुभव आहे. मग ते कशाने पटते? या क्षेत्रातल्यांनी आणि बाहेरच्यांनीही लिहावे.

पार्ले_पूर्व

आमच्या गच्चीवरून तुमची विमाने रोज दिसतात, पण आतले काम कसे चालते याची काहीच कल्पना नाही. ही मुले शिकून येतात असे तुम्ही म्हणता, तर मग ती लगेच कामाला का बसू शकत नाहीत?

उत्तरवारा

@पार्ले_पूर्व, महाविद्यालयात नियम, सिम्युलेटर आणि बोलण्याची ठरलेली पद्धत शिकवतात. पण नियंत्रकाचे रेटिंग, म्हणजे स्वतंत्रपणे काम करण्याची मान्यता, हे विशिष्ट ठिकाणाचे आणि विशिष्ट कामाचे असते. दुसऱ्या शहरात अनेक वर्षे काम केलेला अनुभवी माणूस जरी मुंबईला बदलून आला, तरी त्याला इथे पुन्हा प्रशिक्षकाशेजारी बसून शिकावे लागते आणि परीक्षा द्यावी लागते. उड्डाणाचा मार्ग मंजूर करणारा, जमिनीवर विमाने हलवणारा आणि धावपट्टी सांभाळणारा हे तीन वेगळे नियंत्रक असतात. त्यापुढे अॅप्रोच (विमानतळाजवळ येणारी-जाणारी विमाने) आणि एरिया कंट्रोल (दूरच्या हवाई मार्गांवरची विमाने) येते, जिथे खिडकीच नसते, फक्त पडदा असतो.

मुंबईत भर पडते ती इथल्या धावपट्ट्यांची. ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या दोन असूनही एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. त्या एकीवर दिवसाला नऊशेच्या पुढे विमाने चढतात-उतरतात. एक विमान उतरून बाहेर वळते आहे, दुसरे उड्डाणासाठी रांगेत येते आहे आणि तिसरे घाटकोपरच्या बाजूने खाली येते आहे, हे तिन्ही एका नजरेत ठेवायला शिकवणारे पुस्तक कुठेच नाही.

जुना_वॉच

मी आता निवृत्त आहे. जुन्या मनोऱ्यात उमेदीची वर्षे गेली, आणि २०१४ च्या सुरुवातीला सुमारे ८४ मीटर उंचीच्या नव्या मनोऱ्यातून काम सुरू झाले तेव्हाही मी होतो. उत्तरवारा यांच्या तळमळीबद्दल आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो.

स्वागताचा अर्थ मुलांना मोकळे-ढाकळे वाटावे एवढाच घेऊ नये. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसे गेली. एका विमानाने १५,००० फुटांवर राहायचे होते, ते त्याखाली उतरत गेले आणि समोरून १४,००० फुटांवर येणाऱ्या विमानाला धडकले. नियंत्रकाने दिलेल्या सूचना योग्य होत्या. त्या घटनेनंतर आपल्याकडे विमानांमध्ये टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे सांगितलेच पाहिजे, आणि ते गोड शब्दांत सांगता येत नाही. तुम्ही योग्य बोललात एवढे पुरत नाही, तर समोरच्याने काय ऐकले आणि तो काय करतो आहे, हेही तुम्हीच पाहायचे आहे.

दुसरे म्हणजे, पहिल्या आठवड्यात या मुलांना वरच्या केबिनमध्ये नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती जागा पाहुण्यांची नव्हे. मागे दहा माणसे उभी राहून कुजबुजत असतील तर पुढच्या माणसाच्या कानातला अर्धा शब्द हरवतो. आधी फायली वाचाव्यात, नकाशे पाठ करावेत, परीक्षा द्यावी आणि मग जिना चढावा. आमच्या वेळी कोरा कागद देऊन संपूर्ण विमानतळाचा नकाशा काढायला लावत असत, टॅक्सीवेच्या, म्हणजे विमाने जमिनीवर ज्या मार्गांनी चालतात त्यांच्या, नावांसकट. त्या वेळी राग यायचा, पण दाट पावसात खिडकीतून काहीच दिसत नसताना तो कागदावरचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहायचा.

विदर्भकन्या

मी सध्या मनोऱ्यात प्रशिक्षण घेते आहे, म्हणून नव्याच्या बाजूने लिहिते. जुना_वॉच काका, नकाशा पाठ करण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. आम्हालाही तो काढायला लावला आणि त्याचा उपयोग रोज होतो. मात्र केबिनमध्ये नेऊ नये, हे मला पटले नाही.

फायली वाचताना माझ्या डोक्यात सगळे सुटे-सुटे होते. एका दुपारी आमच्या डब्ल्यूएसओंनी, म्हणजे पाळीच्या प्रमुखांनी, आम्हाला दोघा-दोघांना वर नेले. बोलायचे नाही, हलायचे नाही आणि फक्त एकाच माणसाकडे पाहायचे, अशी ताकीद होती. मी ग्राउंडच्या, म्हणजे जमिनीवर विमाने हलवणाऱ्या, मॅडमकडे पाहत होते. समोर विमानांच्या माहितीच्या पट्ट्या लावलेल्या होत्या, प्रत्येक विमानाची एक. वैमानिक बोलला की त्या आधी खिडकीबाहेर पाहत, मग पट्टीवर खूण करत आणि मगच बटण दाबत. एकदाही हा क्रम चुकला नाही. एका वैमानिकाने सूचना परत म्हणताना टॅक्सीवेचे अक्षर वेगळे उच्चारले. त्यांनी आवाज किंचितही न चढवता ती सूचना पुन्हा पूर्ण दिली आणि त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली. त्या अर्ध्या तासात मला जे कळले ते फायलींमधून कळायला फार वेळ लागला असता.

आणि उत्तरवारा ताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल: विचारायची मुभा आहे हे मला ज्या प्रसंगातून पटले, तो फार छोटा आहे. माझ्या प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी हेडसेट लावण्याआधी मला सांगितले, "माझ्या पट्ट्यांकडे बघत राहा आणि काही विसंगत दिसले तर लगेच बोट ठेव. तू चुकीची असलीस तरी चालेल." दुपारी मी एका पट्टीवर बोट ठेवले. त्यात काहीच चुकलेले नव्हते. तरी त्यांनी थांबून पट्टी पाहिली, का बरोबर आहे ते दोन वाक्यांत सांगितले आणि "असेच बघत राहा" म्हणाले. ते त्या दिवशी वैतागले असते, तर मी पुन्हा बोट ठेवले असते की नाही, मला सांगता येत नाही.

सीएनएसवाला

उत्तम धागा, पण एक खंत नोंदवतो. नवे कर्मचारी म्हटले की सगळे फक्त नियंत्रकांचा विचार करतात. ज्या रेडिओवर ते बोलतात, ज्या रडारवर पाहतात आणि ज्या आयएलएसच्या, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांच्या, आधारे विमान ढगातून खाली येते, ती यंत्रणा चालू ठेवणारे आम्ही सीएनएसचे (संपर्क, दिशादर्शन आणि टेहळणी विभागाचे) अभियंतेही नव्याने रुजू होत असतो. मी नोकरीला लागलो तेव्हा एका विमानतळावर, नाव सांगत नाही, पहिले काही आठवडे मला केबिनमधले कुणी ओळखतही नव्हते. रेडिओत खरखर आली की फोन येई, पण फोनवरच्या आवाजाला चेहरा नव्हता.

माझी सूचना अशी की, दोन्ही विभागांच्या नव्या मुलांना निदान दोन दिवस एकत्र ठेवावे. नियंत्रकाने उपकरणांच्या खोलीत येऊन मुख्य ट्रान्समीटर बंद पडला तर राखीव कसा सुरू होतो ते पाहावे, आणि अभियंत्याने वर जाऊन ऐन वाहतुकीत रेडिओ काही क्षण जरी गप्प झाला तरी काय होते ते पाहावे. त्यानंतर फोनवरचे बोलणे बदलते.

कर्जत_लोकल

मी रेल्वेत मोटरमनच्या प्रशिक्षणाशी संबंधित आहे, विमानांतले मला कळत नाही. आमच्याकडे नव्या मार्गावर गाडी एकट्याने चालवण्याआधी तो मार्ग जाणणाऱ्या माणसाबरोबर केबिनमध्ये उभे राहून रोड लर्निंग करावे लागते, त्यात रात्रीची फेरीही असते. सिग्नल कुठे वळणामागे लपतो, कुठे उतार लागतो, हे पुस्तकात असले तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करता येत नाही. तेव्हा विदर्भकन्या यांचे म्हणणे मला पटते. पाहणे हे शिकण्याच्या आधीचे नाही, ते शिकणेच आहे. जुना_वॉच यांचा मुद्दाही खरा आहे, आमच्या केबिनमध्येही विनाकारण कुणी उभे राहिलेले चालत नाही.

डावी_सीट

मी वैमानिक आहे आणि मुंबईत वर्षानुवर्षे उतरतो आहे. पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली, नवा नियंत्रक आवाजावरून ओळखू येतो. त्याचे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने अचूक असते, पण तो ते एका दमात म्हणून टाकतो. त्याच्या मागे अनुभवी प्रशिक्षक त्याच चॅनेलला जोडलेला असतो आणि गरज पडली तर तत्क्षणी स्वतः बोलतो, हे आम्हाला ठाऊक असते, त्यामुळे भीती वाटत नाही. नव्या मुलांना हे जरूर सांगा की आम्हाला वेग नको असतो. सावकाश बोललेली आणि एकदाच कळलेली सूचना ही घाईने बोलून दोनदा सांगाव्या लागलेल्या सूचनेपेक्षा कमी वेळ खाते. आणि "से अगेन", म्हणजे पुन्हा सांगा, असे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही. आम्हीही म्हणतो.

दुसरी गोष्ट उत्तरवारा यांच्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमाने आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. विमान-इतिहासातला तो सर्वांत मोठा अपघात आहे. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका विमानाने धाव घेतली होती. त्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने दुसरे विमान धावपट्टीवरून दूर झाले नाही का, अशी शंका बोलून दाखवली होती. अत्यंत ज्येष्ठ असलेल्या कॅप्टनने ठामपणे "झाले आहे" असे सांगितले आणि शंका तिथेच थांबली. त्यानंतर दोन बदल झाले. टेक-ऑफ हा शब्द रेडिओवर फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, इतर वेळी डिपार्चर म्हणायचे, असे ठरले. आणि कनिष्ठाने शंका कशी मांडावी व वरिष्ठाने ती कशी ऐकावी, याचे रीतसर प्रशिक्षण आम्हा वैमानिकांना सुरू झाले. मनोऱ्यात नव्या माणसाचे स्वागत करताना वरिष्ठांनाही त्या खोलीत बसवा. मुभा द्यायची असेल तर ती देणारा समोर हवा.

पार्ले_पूर्व

डावी_सीट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या बँकेतसुद्धा हे लागू पडेल.

सहारकर_वहिनी

माझे यजमान नियंत्रक आहेत. तुम्ही सगळे कामाबद्दल लिहीत आहात, मी घराबद्दल लिहिते, कारण नवी मुले घराच्या काळजीनेच जास्त थकतात असे मी पाहिले आहे.

भंडाऱ्याहून किंवा नांदेडहून आलेल्या मुलीला मुंबईत आठवडाभरात घर शोधायचे असते. सांताक्रूझ, अंधेरी, पार्ले येथील भाडी ऐकून ती दूर उपनगरात घर घेते, आणि मग तिला कळते की रात्रीच्या काही तासांत लोकल बंद असते आणि पाळी तर कोणत्याही वेळी संपते. मरोळ, चकाला, सहार या भागात कोणत्या इमारतींत खोल्या मिळतात, कोणते घरमालक पाळीची नोकरी समजून घेतात, याची माहिती जुन्या मंडळींकडे असते. ती एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी हातात द्या.

झोपेचेही तसेच आहे. रात्रपाळी करून सकाळी आलेल्या माणसाला दिवसा झोपायचे असते, आणि खाली मंडपाचे काम चालू असते. आम्ही आमच्या सोसायटीच्या सचिवांना भेटून यांचे काम काय आहे ते नीट समजावून सांगितले, तेव्हापासून गणपतीतही आमच्या बाजूचा कर्णा दुपारी बंद असतो. लोकांना कळले तर ते ऐकतात. नव्या मुलांच्या घरच्यांनाही एक दिवस बोलवावे. आपला मुलगा नेमके काय करतो हे माझ्या सासूबाईंना फार उशिरा कळले, आणि कळल्यावर त्या रात्रपाळीच्या आधी त्याच्याशी कोणताही कुरबुरीचा विषय काढत नाहीत.

विदर्भकन्या

वहिनी, तुम्ही अगदी मनातले लिहिले आहे. यात एक जोडते: रात्रपाळीला येणाऱ्या मुलींसाठी गाडी कुठून सुटते, विश्रांतीची खोली कोणत्या मजल्यावर आहे आणि तिची किल्ली कुणाकडे असते, हे विचारायला सुरुवातीला फार संकोच वाटतो. ते न विचारता सांगितले जावे.

जुना_वॉच

सर्वांचे प्रतिसाद वाचले. दोघा-दोघांनी, ताकीद देऊन, एकाच माणसाकडे पाहण्यासाठी वर नेणे हे मी म्हणत होतो त्यापेक्षा वेगळे आहे आणि त्याला माझी हरकत नाही. घोळक्याला हरकत कायम आहे.

डावी_सीट यांनी वरिष्ठांना बसवण्याबद्दल लिहिले, ते महत्त्वाचे आहे. याच संदर्भात २६ जुलै २००५ ची आठवण सांगतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. रस्ते पाण्याखाली असल्यामुळे पाळी बदलायला माणसे पोहोचू शकत नव्हती. जे आत होते ते आतच राहिले. त्या वेळी आमच्यातला सर्वांत नवा मुलगा, ज्याचे अजून रेटिंगही झाले नव्हते, तो आपण होऊन नोंदवही घेऊन बसला आणि कोण किती वेळ जागा आहे याची यादी करू लागला. थोड्या वेळाने त्याने आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांना सांगितले की, साहेब, आता तुम्ही झोपायला हवे. ते काही न बोलता उठले आणि झोपायला गेले. ज्या गटात हे घडू शकते, तिथे नव्याचे स्वागत नीट झालेले असते, असे मी समजतो.

नोंदवहीवरून आठवले. पहिल्या दिवशी सगळी घड्याळे यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, चालतात हे डोक्यात भिनवा. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा नोंदवहीतली तारीख बदलते, आणि रात्रपाळीच्या शेवटी दमलेल्या नव्या मुलाच्या हातून नेमकी तीच नोंद चुकते.

कर्जत_लोकल

काका, ही आठवण लिहिल्याबद्दल आभार. त्या दिवशी आमच्या गाड्याही जागच्या जागी उभ्या होत्या.

सीएनएसवाला

एक कल्पना सुचवतो. पावसाळ्याच्या आधी देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या एक दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचपर्यंत बंद ठेवतात. रीतसर परवानगी आणि सोबत घेऊन त्या दिवशी नव्या मुलांना प्रत्यक्ष धावपट्टीवर न्यावे. टायरच्या रबराचे काळे थर, मध्यरेषेवरचे दिवे, पाणी निथळावे म्हणून पृष्ठभागावर पाडलेल्या आडव्या खाचा, हे सगळे वरून दिसत नाही. दोन धावपट्ट्या जिथे छेदतात तिथे उभे राहून मनोऱ्याकडे पाहिले की वैमानिकाला कोण कुठून पाहते आहे हे लक्षात येते.

डावी_सीट

धावपट्टीवरून पश्चिमेकडे पाहायलाही सांगा. जुहूचे छोटे विमानतळ किती जवळ आहे ते तेव्हाच कळते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथेच, आणि १९७२ मध्ये एक जपानी प्रवासी विमान सांताक्रूझ समजून चुकून उतरले तेही तिथेच. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे, त्यामुळे या परिसराच्या आकाशाचा नकाशा नव्या मुलांना सुरुवातीपासूनच तिन्ही विमानतळांसह शिकवावा लागेल.

उत्तरवारा

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेतून पहिल्या आठवड्याची जी आखणी मी वरिष्ठांपुढे ठेवणार आहे ती अशी. पुष्पगुच्छ आणि चहा राहील, कारण घरापासून दूर आलेल्या मुलांसाठी तेही मोलाचे आहे. पण भाषणांच्या जागी प्रत्येक नव्या मुलाची त्याच्या प्रशिक्षकाशी पहिल्याच सकाळी समोरासमोर गाठ घालून द्यायची, आणि प्रशिक्षकाने सर्वांसमोर त्याला सांगायचे की माझ्या कामाकडे लक्ष ठेव आणि दिसेल ते बोल. घरांची, गाडीची आणि विश्रांतीच्या खोलीची माहिती छापून द्यायची. दोघा-दोघांना केबिनमध्ये नेताना विदर्भकन्या यांनी सांगितलेली ताकीद शब्दशः पाळायची. सीएनएसचे नवे अभियंते पहिले दोन दिवस सोबत असतील. धावपट्टीवर नेण्यासाठी परवानगीचा अर्ज मी वेळेत करते.

टेनेरिफची हकीकत नव्या मुलांना सांगायची की प्रशिक्षकांना, यावर मी विचार करत होते. दोघांना एकत्र बसवून सांगायची असे ठरवले आहे. डावी_सीट, त्या दिवशी तुम्हाला सुट्टी असेल तर तुम्हीच येऊन सांगाल का?

डावी_सीट

तारीख कळवा, येतो. मात्र सोबत एका सहवैमानिकाला आणेन, आणि तीही बोलेल.

सहारकर_वहिनी

घरांची यादी मी आणि शेजारच्या दोघी मिळून या रविवारी करून देतो. किती मुली येणार आहेत तेवढे आधी कळवा.